खलिफा सिटीत जन्मलेली अमेरिका

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, अमेरिका नावाचे राष्ट्र आखातातल्या खलिफा सिटीत, आमच्या शेजारच्या दादांच्या जेवणाच्या टेबलावर, आमटी आणि खजुरांच्या मध्ये जन्माला आले. मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. एकदा नव्हे, निदान चाळीस वेळा.

दादा रुवैसच्या रिफायनरीत इंजिनिअर. आठवडाभर तिकडे, सुट्टीला घरी. मुलगी इथल्या अमेरिकन शाळेत शिकली, पुढच्या शिक्षणासाठी बाहेर गेली आणि तिचं इतिहासाचं जाडजूड पुस्तक मागे राहिलं. दादांनी ते उघडलं ते कायमचंच. त्यातही एकच प्रकरण: अमेरिकेतल्या जमिनीसाठी इंग्रज आणि फ्रेंचांची जुंपलेली लढाई. स्वातंत्र्य आलं की त्यांचा उत्साह खलास. त्यांच्याकडे जेवायला गेलं की आमटीचं पातेलं म्हणजे फ्रेंचांचा किल्ला, खजूर म्हणजे वसाहतींतले शिपाई आणि लोणच्याची बरणी म्हणजे विलायतेहून आलेला कप्तान. किल्ला पडेपर्यंत आमटी वाढायची नाही. एकदा भुकेपोटी मी तीन खजूर तोंडात टाकले, तर दादा किंचाळले, "अहो, ती मॅसॅच्युसेट्सची पलटण होती!"

"बघा हं," ते सांगायचे, "व्हर्जिनियावाल्याला मॅसॅच्युसेट्सवाला परका. दोघंही स्वतःला इंग्रजच समजायचे. मग लढाईत हा कप्तान आला आणि दोघांनाही सरसकट गावंढळ म्हणाला. तेव्हा कुठे त्यांना कळायला लागलं, आपण इंग्रज नाही. मग कोण? यल्ला, झाले अमेरिकन!"

"आमटी गार झाली," एवढंच वहिनींचं यावर भाष्य.

एकदा इथल्या मराठी मंडळाच्या सभेत मोदक उकडीचे की तळणीचे, यावरून कोकण आणि विदर्भ हमरीतुमरीवर आले. हॉलचा मॅनेजर धावत आला आणि ओरडला, "बंद करो! तुम सब लोग एक जैसे हो!" दादांनी मात्र त्याचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "थँक यू, हबीबी! आज तुमने हमको एक कर दिया!"

यंदा दादा निवृत्त झाले. नोकरी संपली की व्हिसा संपतो. सव्वीस वर्षांचा संसार गुंडाळायला हाती जेमतेम महिना. पुण्याच्या नव्या फ्लॅटची किल्ली घ्यायला दोघं आठवडाभर जाऊन आले. ऊठसूट "आमच्या पुण्यात" म्हणणारा हा माणूस. परतल्यावर त्यांच्याकडे जेवायला गेलो आणि मला आयुष्यातला सर्वांत मोठा धक्का बसला. दादांनी आमटी चक्क भातावर घेतली आणि खाली मान घालून जेवले. ना किल्ला, ना कप्तान.

दारापर्यंत सोडायला आलेल्या वहिनींनी हळूच सांगितलं. तिथल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीबद्दल दादा बोलायला उठले, तर सेक्रेटरी म्हणाला, "काका, तुम्ही गल्फवाले. पाहुण्यांनी यात कशाला पडायचं?" सगळे हसले. दादा खाली बसले, ते बसलेच.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे डोकावलो. भिंती उघड्या, खोकी बांधून तयार, त्यातल्याच एकावर दादा बसलेले. त्यांना खुलवावं म्हणून मीच काडी टाकली. "दादा, त्या लोकांना कप्तान गावंढळ म्हणाला, इथपर्यंत आलं लक्षात. पुढे काय मिळालं हो त्यांना?"

खोक्याला चिकटपट्टी लावणाऱ्या वहिनींनी इतक्या वर्षांत या लढाईचं एक अक्षरही ऐकलेलं नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण त्यांचा हात थांबला आणि त्या एकदम बोलून गेल्या,

"भाऊजी, त्यांना निदान देश तरी मिळाला!"