खाडीतल्या दोघी आणि माझी आय

माशांची पाटी नवी कोरी होती. त्याच दिवशी बाजारातून आणलेली, काठाला झेंडूची माळ गुंडाळलेली. मॅडमनी ती स्टेजवर माझ्या आयच्या डोक्यावर ठेवली, तिच्या तोंडासमोर माइक धरला आणि म्हणाल्या, "आता ओरडा."

समोर रत्नागिरीतली सगळी मोठी माणसं. वकील, डॉक्टर, बागायतदार, कॉलेजातले सर, त्यांच्या बायका. मी स्टेजच्या कडेला फुलांचा गुच्छ घेऊन उभी. माझ्या पुस्तकाचं प्रकाशन होतं म्हणे.

पुस्तक म्हणजे कॉमिक. भागी आणि चंद्री या दोन मासेवाल्या खाडीत बुडून मरतात. खाडीचा राखणदार त्यांना परत पाठवतो. त्या पाटी घेऊन गावोगाव फिरतात. खाडीत भराव टाकणारा, बाईच्या अंगावर हात टाकणारा, विधवेची जागा गिळणारा कुणी दिसला की आरोळी ठोकतात. ती आरोळी ऐकून खाडीत बुडालेले सगळे उठून येतात. मग मारामारी. हाडं मोडतात, दात उडतात. मला आवडतं असलं काढायला.

भागीचा चेहरा आयचा. आरोळीही आयची. पूर्णगडहून पहिल्या एसटीने ती मासे घेऊन शहरात येते. ती ओरडली की गल्लीच्या दुसऱ्या टोकाची बाई ताट घेऊन बाहेर निघते. त्या आवाजावर मी शिकले. तो कागदावर काढताना मी पानभर अक्षरं लिहायचे, तरी पुरायची नाहीत.

मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. पहिला अंक तिथेच काळा-पांढरा काढला, स्टेपल मारला. कॉलेजच्या पोरींनी घेतला. त्यातल्या एकीची आई म्हणजे या मॅडम. शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी मला घरी बोलावलं. रंगीत छापू म्हणाल्या, शाळाशाळांत वाटू म्हणाल्या. मी रात्रभर झोपले नाही. माझं पुस्तक, रंगीत, दुकानात मांडलेलं, एवढंच मला जन्मात हवं होतं.

त्यांच्याच मागच्या दारी आय कित्येक वर्षं मासे देते. तिथे त्या तिला "ए मासेवाली" म्हणतात. स्टेजवर पहिल्यांदा "तुम्ही" म्हणाल्या. मला त्याचंच केवढं बरं वाटलं.

मग कागद फाडून मुखपृष्ठ दाखवलं. भागी गोरी होती. नाक सरळ, ओठ बारीक. मी काढलेली काळी, रुंद नाकाची भागी कुणीतरी कॉम्प्युटरवर धुऊन टाकली होती. मी मॅडमकडे बघितलं. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, हिरॉइन आहे ना ती."

आणि लगेच माइकवर, "आता भेटूया खऱ्या भागीला!" शेवटच्या रांगेतून आयला वर आणलं. ती ठेवणीतलं पातळ नेसून आली होती. डोक्यात अबोलीचा वळेसर. पाटी डोक्यावर आली तशी तिने सवयीने मान ताठ केली.

"घ्या गो मासे," आय म्हणाली. हळू. चोरट्यासारखी.

"अहो, असं नाही. रोज गल्ली दणाणून सोडता ना, तसं. दुपारी झोपू देत नाही आम्हाला!"

लोक हसले. मोबाइल वर झाले. आयने माझ्याकडे बघितलं. मी काही करायच्या आतच तिने श्वास भरून घेतला आणि खरीखुरी आरोळी ठोकली. माइक किंचाळला. एका बाईने कानांवर हात ठेवले. हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाने ओरडून विचारलं, "बांगडा आहे का गं?"

आयला ती थट्टा कळली नाही. तिला आयुष्यभर तो प्रश्न विचारला गेलाय आणि प्रत्येक वेळी विचारणाऱ्याला बांगडा हवा असतो. ती पाटी सावरून त्याच्याकडे वळली आणि खरंच म्हणाली, "आज नाय हो आणला. उद्या आणते. किती देऊ?"

असं हसू मी कधी ऐकलेलं नाही. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकून हसत होती. सर हसत होते. ज्यांनी माझ्या कॉमिकमधल्या स्त्रीशक्तीवर आत्ताच भाषण केलं होतं, ते प्रमुख पाहुणे रुमालाने डोळे पुसत होते. आयही आधी त्यांच्याबरोबर हसली. मग तिला कळलं. चेहरा तसाच हसरा राहिला आणि आतून ती निघून गेली. मी बघितलं ते.

"एकदा अजून," मॅडम म्हणाल्या. "व्हिडिओसाठी."

मी गुच्छ टाकला. पुढे जाऊन आयच्या डोक्यावरची पाटी काढली.

"अगं, कौतुक चाललंय तिचं!"

"तुमच्या आईला उभं करा नि कौतुक करा," मी म्हणाले. माइकमध्ये. "हे पुस्तक माझं नाय. ही भागी नाय."

मॅडमनी शांतपणे माइक स्वतःच्या तोंडाशी नेला. "मुलगी जरा भावुक झालीय. टाळ्या होऊन जाऊ द्या तिच्यासाठी." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. आम्ही दोघी टाळ्यांतूनच बाहेर पडलो. मागे बटाटेवडा आणि कॉफीची सूचना चालू होती.

स्टँडवर आय म्हणाली, "तुझा काय गेला असता गो? अजून एकदा वरडले असते. रोज वरडतेच ना?"

व्हिडिओ मोबाइलवर फिरला. आय दिसली की रिकामटेकडे पोरगे मागून ओरडतात, "उद्या आणते, किती देऊ?" मॅडमच्या गल्लीने तिच्याकडून मासे घेणं बंद केलं. बाकीच्या गल्ल्यांत ती आता ओरडत नाही. फाटकाफाटकाशी जाऊन कडी वाजवते आणि उभी राहते. अर्धी पाटी परत येते. माझ्याशी धड बोलत नाही. मी माइकवर बोलले त्याची मला लाज नाही वाटत. राग येतो. आयचाही येतो थोडा, खोटं कशाला बोलू.

मॅडमचा मेसेज आला. माफी मागितलीस तर दुसरा अंकही छापू, तुझं वय लक्षात घेऊन झालं गेलं विसरू. मी एकच शब्द पाठवला. नको.

मी विसरणार नाही. दुसरा अंक मीच काढतेय, झेरॉक्सवर, काळा. भागी शाईसारखी काळी आहे. या वेळी ती आणि चंद्री एका हॉलमध्ये जातात. पहिल्या रांगेतले चेहरे मी जसेच्या तसे काढलेत, हसताना दिसलेल्या दाढांसकट. मैत्रीण म्हणाली, नाक-डोळे बदल, केस करतील. मी बदलले नाहीत. भागी स्टेजवर चढते, आरोळी ठोकते, बुडालेले उठून येतात आणि ती सगळी मोठी माणसं खुर्च्या पाडत पळत सुटतात.

त्या हॉलला मी दार काढलेलं नाही. काढणारही नाही.