रोझमेरीला मुळं फुटेपर्यंत

माझे मामा घड्याळं दुरुस्त करतात, आणि बाकीचं जगही त्याच पद्धतीनं दुरुस्त होतं अशी त्यांची समजूत आहे. बिघडलं की मागचं झाकण उघडायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि चिमट्यानं हलवून बघायचं. घरातला नळ, शेजाऱ्यांचा रेडिओ, माझं न जमणारं लग्न, सगळ्यांवर हा प्रयोग करून झालाय. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान, दुकानामागे त्यांच्या दोन खोल्या आणि वरच्या मजल्यावर मी. त्यामुळे ही सगळी हकीकत माझ्या डोळ्यांदेखत घडली, आणि तिचा बराचसा ताप माझ्याच डोक्याला झाला.

मामी लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी निघाली, तेव्हा तिनं मामांवर एकच गोष्ट सोपवली. दुकानाच्या दारातल्या मोठ्या कुंडीतली रोझमेरी. ते झुडूप मामीच्या आईच्या अंगणातलं. लग्न होऊन आली तेव्हा तिनं एक लहानसं रोप मांडीवर धरून आणलं होतं. पुढे आई गेली, घर विकलं गेलं, अंगणात कुणा परक्याची गाडी उभी राहायला लागली. माहेर म्हणून मामीकडे उरलं ते एवढंच. डोकं तापलं की ती दारात यायची, दोन पानं चुरडून वास घ्यायची आणि आत जायची. तेवढ्या वेळात तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हे आम्हाला न सांगता कळलेलं होतं.

"माती सुकली की पाणी द्या," टॅक्सीत बसताना ती म्हणाली. "सुकली की. आधी नाही."

माती सुकण्याची वाट बघणं मामांना कुठलं जमायला. ज्या माणसाला दहाच्या ठोक्याला जेवण आणि चारच्या ठोक्याला चहा लागतो, तो मातीच्या मर्जीनं कसा वागणार? सकाळी घड्याळांना चावी दिली की कुंडीला पाणी, संध्याकाळी शटर ओढायच्या आधी परत पाणी. ढगाळ हवेतही नेम चुकला नाही. पानं खालून काळी पडायला लागली, तेव्हा मामांनी पाणी वाढवलं.

"तहानलेलं दिसतंय," ते मला म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी कोपऱ्यावरच्या रोपवाल्या बाईंना मीच बोलावून आणलं. त्यांनी कुंडीत बोट खुपसलं, बोटाचा वास घेतला आणि मान हलवली.

"मुळं कुजलीत हो. झाड गेल्यातच जमा आहे. शेंडे मात्र अजून हिरवे दिसतायत. त्यांच्या काड्या कापून लावा. लागल्या तर लागल्या."

बाई गेल्यावर मामा स्टुलावर बसले. गिऱ्हाईक आलं, थोडा वेळ उभं राहिलं आणि निघून गेलं, तरी यांचं लक्ष नाही. "तिचं माहेर बुडवलं मी," ते म्हणाले. एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. पण ते खरंच होतं.

पण मामा स्वस्थ बसणाऱ्यांतले नाहीत. काडीला मुळं लवकर फुटावीत म्हणून घरच्या घरी काय लावतात, हे ते बाईंना विचारून आले. बाईंनी सांगितलं होतं की कापलेल्या टोकाला मध लावा, नाहीतर कोरफडीचा गर, नाहीतर बुरशी धरू नये म्हणून दालचिनीची पूड. यातलं कुठलंही एक. मामांनी तिन्ही कालवलं. वर म्हणाले, औषध आहे, कमी कशाला पडू द्यायचं? तो चिकट लगदा फासून काड्या एका वेगळ्या कुंडीत लावल्या, आणि सकाळी मुंग्यांनी कुंडी ताब्यात घेतलेली होती. भिंतीवरून कुंडीपर्यंत त्यांची मिरवणूक चालू होती. काड्या आडव्या, माती उकरलेली.

दुसऱ्या वेळी नुसता कोरफडीचा गर लावला. काड्या छान उभ्या राहिल्या. मामांनी त्यांच्यावर टेबलावरच्या जुन्या घड्याळांचे काचेचे घुमट पालथे घातले, आत ओलावा टिकावा म्हणून. ही मात्र त्यांची स्वतःची युक्ती, आणि ती झकास होती. मला वाटलं, आता जमलं. तरी काही दिवसांनी एकेक काडी मान टाकायला लागली.

इकडे मामीचा रोज फोन.

"रोझमेरी कशी आहे?"

"आहे."

"एक फोटो पाठवा की."

"फोनच्या कॅमेऱ्याची काच धुरकटलीय. साफ करायला टाकतो."

फोन ठेवला की मामा तडक कुंडीपाशी जायचे. आणि बाळ आता चांगलं बाळसं धरायला लागलं होतं, म्हणजे मामी कधीही निघाली असती.

एका सकाळी मी दूध घेऊन खाली आले तर मामा कुंडीवर वाकलेले. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. त्यांनी एक काडी अलगद उपटली, टोक उजेडात धरून निरखलं, मातीत परत खोचली आणि पुढची उपटली.

"मामा, हे काय चाललंय?"

"मुळं आलीत का बघतोय. रोज बघतो."

"रोज?"

"उघडल्याशिवाय कळणार कसं?"

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा हात थांबला. काडीच्या टोकाशी भिंगातून त्यांना काहीतरी दिसलं होतं. त्यांनी भिंग काढून माझ्या हातात दिलं. टोकाजवळ बारीक पांढरे कोंब फुटले होते, केसाएवढे. आणि प्रत्येक कोंब मोडलेला होता.

"हे मी मोडलेत," मामा म्हणाले. "येत होती गं मुळं. मीच मोडत होतो."

आता मोठ्या कुंडीतल्या झुडपाच्या शेंड्याला मूठभर काड्या काय त्या हिरव्या उरल्या होत्या. ही शेवटची संधी. या वेळी रोपवाल्या बाईंनी वाळुंज नावाचा वृक्ष सुचवला. नदीकाठी असतो, त्याची फांदी चिखलात नुसती खोचली तरी मुळं धरते, आणि तो गुण थोडाफार पाण्यातही उतरतो, असं त्या म्हणाल्या. आम्ही दोघं नदीवर गेलो. मामांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कोवळ्या फांद्या कापल्या. घरी त्यांचे बारीक तुकडे करून पाण्यात भिजत घातले. पाणी पिवळसर झालं, तसं गाळून घेतलं. मग मामांनी आपली सगळ्यात पातळ पात्याची सुरी काढली. पेराच्या जरा खाली काप, खालची पानं खुडलेली, दोन बोटं देठ मोकळा. घड्याळाचं काम करताना त्यांचा हात जसा चालतो, तसाच चालला होता. काड्या रात्रभर त्या पाण्यात ठेवल्या आणि सकाळी वाळू मिसळलेल्या मातीच्या छोट्या कुंड्यांत एकेक करून लावल्या.

मग ते सगळ्या कुंड्या घेऊन माझ्याकडे वर आले. खिडकीपाशी, ऊन थेट येणार नाही अशा जागी त्यांनी त्या मांडल्या, घुमट घातले आणि चिमटा माझ्या हातात दिला.

"हा तुझ्याकडे. आणि मला आत घेऊ नकोस. मी कितीही गयावया केली तरी."

ती त्यांनी केलीच. कधी साखर मागायला यायचे, कधी माझं चालू घड्याळ दुरुस्त करायला. मी दार बोटभर उघडायची आणि मान हलवून लावून घ्यायची. बिचारे जिना उतरून जायचे. दुकानातून त्यांच्या येरझाऱ्यांचा आवाज मला वर ऐकू यायचा.

आणि एका सकाळी घुमटाखाली शेंड्याला नवी पानं दिसली. पोपटी, इवलीशी, ताठ. दुसऱ्या कुंडीत बघितलं, तिथंही. तिसऱ्या कुंडीच्या तळाच्या भोकातून एक पांढरं मूळ बाहेर डोकावत होतं. उपटायची गरजच नव्हती. मी जिन्यातूनच मामांना हाक मारली. ते दोन-दोन पायऱ्या ओलांडत आले आणि गुडघे टेकून त्या मुळाकडे बघत बसले. त्याला हात लावला नाही. हा माझ्या मामांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम, असं मी आजही छातीठोकपणे सांगते.

मामी आली ती न कळवताच. टॅक्सीतून उतरली आणि दारातच थबकली. मोठ्या कुंडीच्या जागी फरशीवर नुसता गोल डाग होता. मामांनी काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"गेलं ते," ते म्हणाले. "मीच घालवलं. पाणी जास्त झालं."

मामीनं बॅग खाली ठेवली. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मीच तिचा हात धरून तिला दुकानाच्या काचेपाशी नेलं. जिथं मामा विकायची घड्याळं मांडायचे, तिथं आता वरून आणलेल्या कुंड्या होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येकीत एकेक रोझमेरी. ती वाकली, पानं चुरडली, वास घेतला. आम्ही नेहमीसारखे गप्प राहिलो. ती दुसऱ्या कुंडीपाशी गेली, मग तिसऱ्या, मग शेवटापर्यंत.

"अहो," ती म्हणाली. "आईच्या कुंपणाला अशीच रांग होती. मला एकच आणता आलं होतं."

मामा टेबलाशी उभे राहून उगाचच एक घड्याळ पुसत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. मीही रडले, लाजायचं काय त्यात. संध्याकाळी मामीनं दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला आधी ती रांग दाखवली, आणि कुठलं घड्याळ दुरुस्त करायचंय ते नंतर विचारलं.