आवळकाकांची फटफटी

कुठलीही बांधलेली वस्तू दिसली, की आवळकाकांचे हात शिवशिवायचे. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाची सायकल थांबवून ते खुशाल कॅरिअरवरचं गाठोडं हलवायचे. "ढिल्लं आहे गा, पडन!" माणूस चिडेपर्यंत यांची सुतळी आवळून झालेली असायची. महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक असेल तर शपथ!

अर्धांगवायूने काकूंचे पाय गेले, तेव्हा काकांनी फटफटीला साइडकार जोडून घेतली. रोज संध्याकाळी काकूंना उचलून तीत बसवायचे, कमरेला पट्टा आवळायचे आणि सदर बाजारापर्यंत फिरवून आणायचे. काकूंचं बाहेरचं जग तेवढंच. एकदा साइडकारचा दांडा तुटला, आणि काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जेवणही धड करीनात. शेवटी कन्हानचा एक मिस्त्री म्हणाला, गाडी इकडे आणा, बघतो.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ती आम्ही दोघांनी बांधली. मी हँडलला दोर टाकायला गेलो, तर काका ओरडलेच, "कान धरून माणूस थांबते काय? सांगाड्याले बांध!" गाडी गिअरमध्ये टाकली, तिन्ही चाकांना पुढून-मागून विटा लावल्या, चारी कोपऱ्यांकडे दोर असे ताणले की स्प्रिंगा जरा दबल्या. रंग खरवडू नये म्हणून दोराखाली पोतं. मग काकांनी सगळं गदागदा हलवलं. "बांधलं म्हणजे झालं नाही गा. हालवून पाह्यलं म्हणजे झालं."

मग ते हातपाय धुवायला गेले, चहा झाला, आणि आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशीच त्यांनी ट्रॉली थांबवली. दोर पहिल्या धक्क्यांनी सैल पडतो, तो पुन्हा बघायचाच, हा त्यांचा नेम. बघतो तर साइडकारच्या चाकापुढची वीट गायब, आणि तिथे हळदकुंकू लावलेलं लिंबू! गाडी बाहेरगावी निघाली म्हणून माझ्या आईने ठेवलेलं. वीट आड येत होती, म्हणून तिने ती काढून टाकली होती. लिंबू चेंगरून साइडकारची बाजू पुढे सरकली होती, पुढचा दोर लोंबत होता. पुढे एखादा मोठा खड्डा लागला असता, तर गाडी गेली असती आणि काकूंची संध्याकाळही. आता आईची खैर नाही असं वाटलं. काका तिथूनच ओरडले, "वहिनी, लिंबू राहू द्या, पण वीट बी राहू द्या ना!"

गाडी धड पोचली, दुरुस्त होऊन आली. काकू पुढे कितीतरी वर्षं सदरला जात होत्या.

काका गेले, तेव्हा तिरडी मीच बांधली. उचलणार एवढ्यात दारातल्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या, "थांब गा. हालवून पाह्यलं काय?"

मी वाकलो आणि पायाकडची सुतळी धरून हलवली. ढिली होती. रडत रडतच मी ती पुन्हा आवळली.