अळणी

माझ्या सासूला ब्लडप्रेशर निघालं तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती. सत्तरचं दशक सरत होतं. आमचं गाव आंधळगावच्या अलीकडे, घरची धानाची शेती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करायला सांगितलं. नवरा तिला माय म्हणे, म्हणून मीही माय म्हणायची. मायनं दोन दिवस अळणी वरण कसंबसं गिळलं आणि तिसऱ्या दिवशी ताटच सरकवलं.

"तुमी सारे चवीनं खासान अन् मीच एकटी अळणी? मले नाही जेवाचं."

सकाळपासून ती उपाशी होती. मी म्हटलं, "मी बी तुमच्यासंगच अळणी खाईन, माय. जेवा आता."

तेव्हापासून भाजी-वरण बिनमिठाचंच शिजे. पुरुष वरून मीठ घेत. आम्ही दोघी तशाच जेवायचो. लोणचं बंद, पापड बंद. डॉक्टरांनी कमी सांगितलं होतं, आम्ही पार बंदच केलं. महिन्याभरात जिभेला सवय झाली.

मग रोवणा लागला. दिवसभर चिखलात वाकून धानाची रोपं लावायची. आभाळ उघडलं की असं ऊन पडे की पाठीवरचं लुगडं घामानं भिजून निघे. मी तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची. त्यातच चार-पाच दिवस जुलाब झाले. ते थांबले, पण अंगातलं बळ काही परत आलं नाही. सकाळी उठले की वाटे, आत्ताच दिवसभर राबून आले आहे. डोकं जड, पोटऱ्यांत गोळे. कुणी हाक मारली तर ओ द्यायचासुद्धा कंटाळा.

पाळी आठ दिवस लांबली होती. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सोबत काम करणारी एक म्हातारी मायला म्हणाली, "सुनेले दिवस गेले दिसते."

त्या संध्याकाळी मायनं माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि स्वतः विहिरीवर गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मलाही आशा वाटली, खोटं कशाला सांगू? पण तिसऱ्या दिवशी पाळी आली. बादली पुन्हा माझ्याकडे आली. थकवा होता तिथंच राहिला, फक्त आता त्याला कारण उरलं नाही.

दोन दिवसांनी मी बांधीतच कोसळले. नवऱ्यानं बैलबंडी जुंपली आणि मला मोहाडीला मायच्याच डॉक्टरांकडे नेलं. माय सोबत होती. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या, ब्लडप्रेशर मोजलं. ते फार खाली होतं. खाणंपिणं विचारलं तेव्हा माय कौतुकानं म्हणाली, "माह्यासाठी अळणी खाते जी ही. दोन महिने झाले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

नवऱ्यानं विचारलं, "मीठ नाही खाल्लं म्हणून माणूस एवढा थकते का?"

"घरी बसून असती तर एवढ्यानं सहसा होत नाही. पण ही उन्हात घाम गाळते, वरून जुलाब झाले, अन् प्यायली नुसतं पाणी. अंगातलं गेलेलं मीठ भरून कुठून येणार?" मग ते मायकडे वळले. "कमी करा म्हटलं ते तुम्हाला. हिला कोणी सांगितलं होतं?"

त्यांनी मला सलाईन लावली, रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी परतताना बंडीत माय हळूच म्हणाली, "काहून बोलली नाही वो तू?"

"तुमी जेवल्या नसत्या, माय."

घरी तिनं स्वतः ताट वाढलं आणि वरणात चिमटीनं मीठ टाकून कालवलं. पहिला घास इतका खारट लागला की गिळवेना. ती समोर बसून राहिली, ताट संपेपर्यंत.

अंगात बळ यायला पंधरा दिवस लागले. तोवर रोवणा माझ्यावाचून संपला. विहिरीवरच्या बायका माझ्या पोटाकडे पाहायच्या त्या पाहतच राहिल्या. त्या नजरांचा थकवा सलाईननं जाणारा नव्हता. मूल त्यानंतर चार वर्षांनी झालं. मायनं पुढे मीठ खरंच कमी केलं, बंद नाही. रोज कुरकुरत जेवायची, पण ताट कधी सरकवलं नाही.