बॉयलर कन्हते

नागसेन तायडेला कोणी विचारलं, बाबू, तू काम काय करतो, तर तो सांगायचा, "फाईली सांभाळतो." त्याची आई चतुराबाई, तिच्या डोळ्यांपुढं कपाट आणि लाल फीत यायची. ती गल्लीत सांगायची, पोरगा शिपाई लागला, पण साहेबाच्या खोलीत बसते, थंड्या हवेत बसते. आता थंडी हवा होती ही गोष्ट खरी. अकोल्यात सरकीचं तेल काढणाऱ्या त्या कंपनीच्या ऑफिसात मागच्या खोलीत एक काळी पेटी होती, तिला सर्व्हर म्हणत, आणि एसी त्या पेटीसाठी होता. नागसेनला तो पेटीच्या पुण्याईनं मिळाला होता. कारकून उन्हाळ्यात काही ना काही निमित्त काढून त्या खोलीत येत. कोणी पेन विसरे, कोणी पेन शोधायला येई.

असा हा सुखाचा माणूस. त्या सोमवारी सकाळी मॅनेजर खुशालरावांनी त्याला बोलावलं आणि टेबलावर एक कागद सरकवला.

"वाच."

कागद बॉयलर तपासणीच्या ऑफिसला गेलेला अर्ज होता. खाली नाव नाही, सही नाही. निनावी अर्जाची दखल घेतली जात नाही असा शेरा मारून तो माहितीसाठी कंपनीकडेच धाडला होता. म्हणजे कोंबड्यानं कोल्ह्याची तक्रार केली आणि कागद कोल्ह्याच्या हातात पडला. अर्जात चारच ओळी: 'बाळापूरच्या गिरणीतील बॉयलर सुस्थितीत नाही. त्याची सेफ्टी वेळेवर उठत नाही. बॉयलर कण्हतो. जीवितहानी होण्याअगोदर तपासणी व्हावी.'

सेफ्टी म्हणजे बॉयलरच्या डोक्यावरची झडप. आत वाफ जास्त झाली की ती आपोआप उठते आणि जास्तीची वाफ सोडून देते. ती उठली नाही तर वाफ दुसरी वाट काढते, आणि ती वाट लोखंडातून असते, भिंतीतून असते, माणसातून असते.

"शुद्धलेखन पाह्य," खुशालराव म्हणाले. "एक चूक नाही. पन हा शब्द पाह्य. कण्हतो. बॉयलर शिटी मारते, फुसफुसते. कण्हते कोन? बिमार मानूस. हे ज्याच्या तोंडात आलं त्याच्या तोंडात आधीबी आलं असन. बाळापूरच्या पाळ्यांचे सारे रिपोट तुह्या पेटीत हाय ना?"

"हाय साहेब. आठ वर्षांचे."

"हुडक. चार वाजेपर्यंत मले नाव पाह्यजे."

"नाव घेऊन काय करता?"

"आरती ओवाळतो. जाय."

आठ वर्षं, दिवसाच्या तीन पाळ्या, दर पाळीची एक फाईल. पावणेनऊ हजार फाईली. माणूस एकेक उघडून वाचायला बसला तर त्याची दाढी गुडघ्याला लागेल. पण पेटीला एका ओळीत हुकूम देता येतो की हा शब्द घे, सगळ्या फाईली पाखड, आणि जिथं सापडेल ती ओळ माझ्यासमोर ठेव. त्या हुकमाला ग्रेप म्हणतात. द्राक्षाशी त्याचा काही संबंध नाही. सुपात ज्वारी घोळली की खडे जसे कडेला येतात, तसे शब्द कडेला येतात.

नागसेननं आधी 'सेफ्टी' घातला. सगळ्याच्या सगळ्या फाईली कडेला आल्या, कारण तो शब्द प्रत्येक रिपोर्टात छापलेलाच होता. मग 'कण्ह' घातला. पेटीनं क्षणभर घुरघुर केली. एकही ओळ नाही.

त्याला बरं वाटलं. सापडलं नाही म्हणून सांगू, झालं. त्यानं डबा उघडला, आणि तेवढ्यात आईचा फोन आला.

"जेवला का बाबू?"

"जेवून राहिलो माय. तुह्या गुडघ्याचं कसं हाय?"

"काय सांगू बाप्पा, कन्हून कन्हून जीव गेला माह्या."

नागसेनचा घास हातातच राहिला. कन्हून. आईच्या तोंडात ण कधी नव्हताच. तिच्या तोंडात पानी, लोनी, कोन. सगळ्या वऱ्हाडाच्या तोंडात तेच. पुण्याचा इंजिनियर त्या खुर्चीत असता तर 'कण्ह' घालून, नाही म्हणून सांगून, मोकळा झाला असता. नागसेन वऱ्हाडी आईचं दूध प्यालेला. ते दूध त्या दिवशी त्याला भोवलं.

त्यानं नको नको म्हणत एक अक्षर बदललं. 'कन्ह.'

एक्केचाळीस ओळी आल्या.

पहिली ओळ तीन वर्षांपूर्वीची: 'बायलर थोडा कन्हते. सायबाले सांगतल.' मग पाच महिने काही नाही. मग, 'परत कन्हते.' मग महिन्याला एक, मग आठवड्याला एक. 'आज लय कन्हते. सेफ्टी हातान उठवली.' 'कन्हून राहिला. सांगतल. कोनी आल नाही.' 'कन्हते. सांगतल.' 'कन्हते. सांगतल.' गेल्या महिन्यातल्याच अकरा ओळी होत्या. आणि सगळ्यात खालची त्याच दिवशी सकाळची: 'आज चूप हाय. कन्हत नाही. भेव वाटते.'

एसीच्या खोलीत नागसेनच्या मानेवर घाम आला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला फाईलीचं नाव होतं आणि फाईलीच्या नावात पाळीवरच्या माणसाचं नाव होतं. एक्केचाळीस वेळा तेच. कुर्बान.

आता हे कुर्बानचाचा म्हणजे बाळापूरच्या बॉयलरवर चोवीस वर्षं पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, आगीत झोकणारा माणूस. चौथी शिकलेला. आठ वर्षांपूर्वी तिथं कम्प्युटर बसवायला नागसेनच गेला होता. बाकीचे बॉयलरवाले कम्प्युटरकडे साप पाहावा तसे पाहत होते, आणि चाचा म्हणाले, "मले शिकव बेटा. काना-मात्रा चुकंन, पन झूट नाही लिव्हनार." एका बोटानं ते टाइप करत. एका ओळीला त्यांना दहा मिनिटं लागत. म्हणजे 'सांगतल' हा शब्द त्या माणसानं एकेक अक्षर शोधून लिहिला होता, आणि वाचायला पेटीशिवाय कोणी नव्हतं. पेटी तर नागसेन सांभाळत होता. त्यानंही वाचलं नव्हतं.

चार वाजता तो खुशालरावांपुढं उभा राहिला.

"नाही सापडलं साहेब. कण्ह शब्द कुठंच नाही."

पाहा, अक्षराचंही खोटं नव्हतं त्यात.

खुशालरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हसले. त्यांचं हसणं फार गोड होतं. ऑफिसात त्या हसण्यालाच लोक जास्त भीत.

"राहू दे. उद्या मीच जातो बाळापूरले. बॉयलरवाल्याहीले एकेकाले बोलावतो अन् इचारतो, कसा काय हाय बाप्पा आपला बॉयलर? जो म्हनंन कन्हते, तो आपला."

नागसेननं स्कूटर काढली ती थेट बाळापूरच्या वाटेला लावली. डोक्यात एकच घोकंपट्टी. चाचाला सांगायचं, उद्या ठीक हाय म्हणा. फक्त ठीक हाय. चोवीस वर्षांची नोकरी दोन शब्दांनी वाचते.

कुर्बानचाचा ओट्यावर चहा पीत होते. त्यांची मुलगी जेबा, डी.एड. झालेली, उंबऱ्यात उभी होती. नागसेननं सगळं सांगितलं. जेबाचा चेहरा पांढरा पडला.

"अर्ज मी लिहिला दादा," ती म्हणाली. "अब्बांनी सांगितलं, मी शुद्ध केलं. येळेवरचं वेळेवर केलं, बायलरचं बॉयलर केलं. पण कन्हतेला दुसरा शब्दच सापडेना. मग नुसता ण करून ठेवला."

"त्या शब्दानंच घात झाला बाई. चाचा, उद्या साहेब इचारतीन, ठीक हाय म्हना."

"ठीक हाय म्हनू?" चाचांनी बशी खाली ठेवली. "अन् मंग परवा तो फुटला तं? माह्याच तोंडचं निघंन ना, कुर्बान ठीक हाय म्हने!"

"नोकरी जाईन."

"बेटा, तो तीन साल कन्हे, तवा मले भेव नव्हतं. बिमार कन्हते तोवर जित्ता असते. आज सकायी गेलो तं चूप. वाफेचा काटा वर, अन् आवाज नाही." त्यांनी हात पुसले. "कागदाचं काय झालं म्हने?"

"निनावी होता. वापस आला."

"बिननावाचा कागद म्हंजे बिनधन्याचं ढोर. कोनीबी हाकलते. मीच चुकलो. जेबा, नवा लिव्ह. नाव टाक. कुर्बान खाँ वल्द रहमान खाँ, पुरं टाक."

"अब्बा..."

"टाक म्हनलं ना."

दिवसभर नागसेन ते नाव छातीशी लपवून फिरत होता, आणि आता तेच नाव त्याच्या डोळ्यांदेखत मोठ्या अक्षरांत कागदावर उतरत होतं. चाचांनी सही केली. सही करायला त्यांना टाइप करण्याइतकाच वेळ लागला. नागसेननं एक्केचाळीस ओळी छापून आणल्या होत्या, त्या मागं जोडल्या. चाचांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे पानं तू सायबाले दाखवले असते तं?"

"दाखवले असते तं त्याहीनं इचारलं असतं, पेटीतून हे पुसून टाकायले किती येळ लागते."

मंगळवारी नागसेननं रजा टाकली आणि अमरावती गाठली. साडेदहाला तपासणीच्या ऑफिसात खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटापालटा केला, शिक्का मारला, पोच दिली. "नाव आहे, सही आहे, पुरावा आहे. होईल. साहेब दौऱ्यावर आहेत. गुरुवारी येतील."

"बाई, गुरुवारी नाही जमत. आज पाहिजे."

"मी साहेबांना फोन लावते. पण ते आज पोचतील असं मी सांगू शकत नाही."

तो बाहेर येऊन उभा राहिला. त्याच वेळी चाचांचा फोन आला.

"इचारलं खुशालराव सायबानं."

"काय म्हनलं तुमी?"

"सच्चं सांगतलं. पयले कन्हे, आता नाही कन्हत. साहेब मोठे खूश झाले. म्हने, मंग सुदरला ना बॉयलर! माह्या खांद्यावर हात ठेवला. म्हने, कुर्बान, तुह्याच भरवशाचं काम हाय, दोन-तीन दिवस तूच थांब त्याच्यापाशी. दुसऱ्या मानसाले नको पाठवू."

नागसेननं फोन कानाशी दाबून धरला. मागून लोखंड फरशीवर खरडल्याचा आवाज येत होता, लांब, थांबून थांबून.

"चाचा, काय करून राहिले?"

"आग काढून राहिलो. आकड्यानं निखारे बाहेर ओढून राहिलो. साहेब गेटाबाहेर गेले अन् म्या सुरू केलं. बाकीच्याहीले बाहेर धाडलं."

"हुकूम नाही तं..."

"नाही. म्हनून तं लवकर करून राहिलो. काटा उतरायले दोन घंटे लागते. तोवर मले इथं उभं राहा लागते, पानी पाहा लागते. ठेव आता, हात भाजून राहिला."

दोन तास. नागसेन बाळापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसला आणि त्यानं फोन मांडीवर पालथा ठेवला, मग उलटा केला, मग पालथा ठेवला. मूर्तिजापूर गेलं. बोरगाव गेलं. शेजारच्या माणसानं विचारलं, घरी कोणी बिमार आहे का? तो हो म्हणाला. एक वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला.

"उतरला," एवढंच चाचा म्हणाले. अडीच वाजता ते गेटाबाहेर होते, चोवीस वर्षांची डब्याची पिशवी घेऊन, हुकमाशिवाय आग काढली म्हणून, कायमचे.

गुरुवारी तपासणीचे साहेब आले. थंड बॉयलरची सेफ्टी खोलली तर ती गंजून आणि क्षारानं खालच्या बैठकीला अशी चिकटली होती की हातोड्यानंही सुटेना. तीन वर्षं तिच्या कडेच्या बारीक फटीतून थोडी थोडी वाफ निघायची, तेच ते कन्हणं. सोमवारी सकाळी ती शेवटची फटही बुजली होती. साहेबांनी बॉयलरला सील ठोकलं, खुशालरावांचा जबाब घेतला, आणि मग झाडाखाली बसून एक्केचाळीस ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

"ह्या तुम्ही शोधल्या?" त्यांनी नागसेनला विचारलं.

"हो साहेब."

"कंपनीचे आणखी दोन बॉयलर आहेत ना? हिवरखेडला आणि परतवाड्याला. तिथलेही रिपोर्ट असतील. हाच शब्द तिथं शोधा."

"शोधला साहेब. काहीच नाही."

"चांगलं आहे मग."

नागसेन खाली बघत होता. "तिथं लिहायची जागाच नाही साहेब. तिथले लोक शेऱ्याचा रकाना कोरा ठेवत, म्हणून मी तो काढून टाकला. तिथं फक्त बरोबरची खूण करतात. रोज, तिन्ही पाळ्यांना. आठ वर्षं झाली, एकही खूण चुकली नाही."

साहेबांनी कागद मिटला आणि ड्रायव्हरला हिवरखेडच्या वाटेनं गाडी काढायला सांगितली.