एका क्लिकआड ठेवलेली सूचना

मंडळी, आज चाकणच्या प्लांटमध्ये पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली एका ऑपरेटरचा हात जाता जाता वाचला.

आमच्या टीमला मशीनचा कोड वाचायला लागणारं सॉफ्टवेअर मी बनवलंय. स्क्रीन सुटसुटीत दिसावी म्हणून त्यात कमेंट्स, म्हणजे कोडशेजारी लिहिलेल्या जुन्या सूचना, झाकून ठेवल्या. प्रेसचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या शिंदेकाकांनी रिटायर होताना विचारलं होतं, "माझं लिहिलेलं कुठं गेलं रे?"

"काका, क्लिक केलं की दिसतं," मी हसलो होतो.

आज टीममध्ये नव्यानं आलेल्या प्रज्ञानं प्रेसच्या प्रोग्रॅममधला दोन सेकंदांचा थांबा बिनकामाचा समजून काढला. ट्रायलला प्रेस लवकर खाली आली.

नंतर मी क्लिक केलं. काकांनी लिहिलं होतं, "हे काढू नका. आत माणसाचा हात असतो."

प्रज्ञा सारखी म्हणतेय, "सर, मला दिसलंच नाही."

तुम्हीच सांगा, ते दिसू नये अशी सोय मीच केली होती, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?