कच्च्या टाक्यांचा कोट

मावशी दोरा दातानं तोडायची. रेडिओला उलट उत्तरं द्यायची. अंगावर घालून पाहिल्याशिवाय कुणाच्याही कपड्याला पक्की शिलाई मारायची नाही. आणि कापडात सुई खोचून कधी उठायची नाही.

तिच्या शिवणाच्या खोलीत एक छोटा कोट सात वर्षं कच्च्या टाक्यांवर टांगलेला होता. तो नातवाचा. सीमा बंद झाली तेव्हा तिची मुलगी पलीकडे अडकली. नातू तिकडेच जन्मला; मावशीनं त्याला फक्त फोनवर पाहिलं होतं. दर वर्षी ती कोट उसवून अंदाजानं वाढवायची.

नाताळच्या आठवडाभर आधी ती माझ्या जाकिटाला बटण लावत होती. रेडिओवर बातमी आली, सीमा आजपासून खुली.

"एकदाची अक्कल आली मेल्यांना!" ती डोळे पुसत हसली.

पुढची बातमी वणव्याची होती. तिच्या मुलीचं गाव रिकामं करत होते. मावशीनं फोन लावला. पुन्हा लावला. कुणी उचलेना. ती उठली.

"मावशी, लोक तिथून पळताहेत. दोन दिवस तरी थांब."

"एवढी पुस्तकं वाचून हेच शिकलास? सात वर्षं थांबलेच की."

तिनं कोट तसाच पिशवीत घातला. "माप तिथं घेईन," म्हणाली. आणि निघाली.

आज चौथा दिवस. आता तिचाही फोन लागत नाही. माझं जाकीट तिच्या टेबलावर आहे. बटण अर्धंच लावलंय, आणि सुई कापडात खोचलेली आहे.